पक्कड उघडत नाही, रॅचेट सरकतं: खाऱ्या हवेतल्या हत्यारांचं दुखणं, इलाज आणि खरेदी

जुलैचा शेवटचा आठवडा आला की हर्णै असो, मिरकरवाडा असो नाहीतर देवगड, बंदरावर एकच तक्रार ऐकू येते. १ जूनला मासेमारी बंद झाली तेव्हा पेटीत ठेवलेली पक्कड आता दोन्ही हातांनी ताणली तरी उघडत नाही. रॅचेट, म्हणजे गोटी पान्याची खटक्याची मूठ, फिरतं, पण जोर लावला की कटकन सरकतं आणि बोटांची सालं इंजिनच्या ब्लॉकवर निघतात. गोट्यांवरचं, म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटांवरचं, क्रोम पापुद्र्यांनी सुटलेलं असतं आणि त्याच्या कडा हात कापतात. नारळी पौर्णिमा तोंडावर, इंजिन उघडून पडलेलं, मग दुकानात मिळेल ते नवीन आणून काम भागवलं जातं. पुढच्या जुलैला पुन्हा तेच.

"तेल घालून ठेवलं होतं हो मिस्त्री, तरी जाम झालं," असं तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, सांगतात आणि ते खरंच असतं. तेल घातलेलं असतं, पण ते मिठावर घातलेलं असतं. सगळी गोम तिथे आहे.

तेल असूनही गंज का चढतो

समुद्राच्या पाण्यातलं मीठ तेलात, ग्रीसमध्ये किंवा डिझेलमध्ये विरघळत नाही. ते पाण्यातच विरघळतं. खारा हात लागलेली पक्कड नुसती पुसून तिला तेल लावलं तर मिठाचे कण सांध्यात जागच्या जागी राहतात आणि वरून तेलाचा थर बसतो. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात आपल्या पट्ट्यात आर्द्रता त्याच्या बरीच वर असते. शिवाय समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आपल्याला खडखडीत कोरड्या वाटणाऱ्या हवेतही पाणी धरतं. त्यामुळे पावसाळ्याला नावं ठेवून भागत नाही. जानेवारीतही तो सांधा आतून ओलाच असतो.

क्लोराईड गंज चढवताना संपत नाही, तेच पुन्हा पुन्हा कामाला लागतं. कण एवढासा असला तरी नुकसान चालूच राहतं. त्यात गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. पक्कडीच्या दोन पात्यांमधली फट केसाएवढी, ती गंजाने भरली की पक्कड मिटली ती मिटलीच.

म्हणून क्रम असा: आधी गोडं पाणी, मग कडक वाळवण, मग तेल. यातला पहिला टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, कारण लोखंडाला पाणी लावायचं म्हणजे हात मागे येतो. ते गोड्या पाण्याने धुतल्याने बिघडत नाही, न वाळवल्याने बिघडतं. पाणी मात्र खरोखर गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्यात हत्यारं धुण्यात काही अर्थ नाही. जूनमध्ये पागोळीखाली बादली लावा, त्याहून चांगलं पाणी मिळणार नाही. फक्त पहिल्या दोन-चार सरींचं पाणी सोडून द्या, कारण कौलांवर आणि पत्र्यावर उन्हाळाभर बसलेलं मीठ त्या सरींबरोबर खाली येतं.

धुताना पक्कड पाण्याच्या आत उघडमीट करा, पाणी बदला, पुन्हा करा. नंतर फडक्याने टिपा आणि कंप्रेसर असेल तर सांध्यात हवा मारा. तो नसेल तर चुलीच्या कडेला, हाताला ऊन लागेल इतक्याच उबेला ठेवा. मग तेल. डब्ल्यूडी-४० चा फवारा इथे उपयोगी आहे, कारण १९५३ मध्ये ते मिश्रण तयार झालं तेच मुळी पाणी बाहेर ढकलायला. पण मागे राहणारा त्याचा थर फार पातळ असतो, दोन महिन्यांच्या पावसाला तो पुरत नाही. फवारा मारून, पुसून, वर स्वच्छ इंजिन ऑइल लावलं पाहिजे. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल लावू नका. त्यात जळणातून आलेली आम्लं आणि काजळी असते. खोबरेलही नको, दमट हवेत ते खवट होतं आणि खवटपणा म्हणजे आम्लच.

पक्कड जाम: आधी ओळखा, मग हात घाला

जाम झालेली प्रत्येक पक्कड एकाच कारणाने जाम नसते. उघडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच जड लागत असेल तर तो मीठ-गंजाचा प्रकार, आणि तो हमखास सुटतो. अर्ध्यापर्यंत सरळ उघडून एका ठरावीक जागी अडकत असेल तर रिव्हेट (दोन पाती जोडणारी खीळ) वाकलेली असते किंवा पातं पिळलेलं असतं. बहुतेक वेळा तिच्यावर हातोडा मारलेला असतो, नाहीतर पायाने दाबून वायर रोप (तारेचा दोर) तोडलेला असतो. त्यावर तेलाचा इलाज नाही. तिसरा प्रकार उलटा: भराभर उघडते, पण जबडे आडवे हलतात. कुणीतरी व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट सांध्यात घालून ती मोकळी केलेली असते. त्या पेस्टने गंज जातो आणि सोबत रिव्हेटही झिजते. अशा पक्कडीने खिळा ओढता येईल, बारीक तार कापता येणार नाही.

पहिल्या प्रकाराची पक्कड कोमट गोड्या पाण्यात तासभर ठेवा, म्हणजे आतलं मीठ सुटायला लागेल. वाळवा आणि रात्रभर डिझेलमध्ये बुडवा. सकाळी एक मूठ व्हाइसमध्ये धरून दुसरी अगदी थोडी हलवा. केसभर सरकली तरी पुरे. पुन्हा तेल, पुन्हा हलवा. सांध्यातून तपकिरी चिखल बाहेर येईल, तो दर वेळी पुसायचा. पुसला नाही तर तोच परत आत जातो. बाहेर येणारं तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं. जमली की नाही याची खूण सोपी आहे: एक मूठ आडवी धरून दुसरी सोडली की ती आपल्या वजनाने खाली यायला हवी.

हातोडा मारू नका आणि गॅसवर तापवू तर मुळीच नका. जबड्याला आणि कापणीच्या धारेला दिलेलं पाणी, म्हणजे कारखान्यात आणलेला कडकपणा, तापवल्यावर उतरतं. लोखंडावर निळसर रंग चढला तर समजा ती धार गेली. गंज फार खोल असेल तर लिंबू सत्त्वाच्या पातळ पाण्यात थोडा वेळ ठेवता येतं, पण नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून लगेच वाळवायला हवं. संडास साफ करायचं ॲसिड काही लोक वापरतात, ते बंद करा. ते क्लोराईडचंच आहे. आज चकचकीत दिसेल, पण जो शत्रू आपण धुवून काढतोय तोच त्यातून सांध्यात भरला जातो.

एक जागा मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटते: मुठीवरचं प्लास्टिकचं आवरण. त्याच्या वरच्या कडेतून खारं पाणी आत उतरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून मूठ लालभडक, नवीकोरी दिसते. अशा एका पक्कडीचं आवरण ब्लेडने उभं चिरून बघा, आत काळा-तांबडा भुगा आणि खड्डे पडलेलं लोखंड निघेल. डिझेलच्या सतत संपर्काने ते आवरण कडकही होतं आणि तडकतं, मग पाणी आणखी आत. होडीवरच्या पक्कडीचं आवरण सैल झालं असेल तर ते काढून टाका आणि उघड्या मुठीला तेल लावत जा. उघड्या मुठीच्या पक्कडीने विजेचं काम मात्र करायचं नाही. तसं तर साध्या रंगीत आवरणावरही भरवसा ठेवू नये. विजेच्या कामाच्या हत्यारावर १००० व्होल्टची खूण आणि एकात एक दोन त्रिकोणांचं चिन्ह असतं. ते नसेल तर आवरण फक्त हाताला मऊ लागण्यासाठी आहे.

रॅचेट सरकतं तेव्हा

रॅचेटच्या डोक्यात मोजकेच भाग असतात. दाते असलेलं चक्र, त्याला जोडलेली चौकोनी खुंटी जिच्यावर गोटी बसते, दात्यांत अडकणारा खटका, आणि खटक्याला दाबून धरणारी बारीक स्प्रिंग, पुष्कळदा तिच्या टोकाला एक छर्रा. खटका दात्यांत पूर्ण बसला तर जोर दात्याच्या अख्ख्या उंचीवर पडतो. अर्धाच बसला तर जोर फक्त टोकावर येतो, टोक झिजतं आणि रॅचेट सरकतं. म्हणजे सरकणं हे बऱ्याचदा मोडल्याचं लक्षण नसून अडकल्याचं असतं. नवीन आणण्याआधी हे तपासायला हवं.

व्हाइसमध्ये एक बोल्ट पक्का धरा, त्यावर गोटी बसवा आणि हळूहळू जोर वाढवा. मग खटका उलटवून दुसऱ्या दिशेने तेच करा. एकाच दिशेला सरकत असेल तर खटक्याची ती बाजू झिजली आहे, आणि फक्त खटका बदलून काम होईल. दोन्ही दिशांना सरकत असेल तर आत घाण आहे, ग्रीस घट्ट झालंय किंवा स्प्रिंग मेली आहे. चक्रावर मार्करने खूण करून फिरवत गेलात आणि ते दर फेरीला एकाच जागी सरकलं, तर तिथला दाता तुटलाय. तिथे आतल्या भागांचं किट बदला, घासाघीस करत बसू नका.

उघडायची वेळ आली तर परातीत पांढरं फडकं पसरून उघडा. काही रॅचेटना मागे दोन बारीक स्क्रू असतात, काहींना सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी). झाकण निघण्याआधी त्यावर बोट दाबून ठेवा, कारण स्प्रिंग आणि छर्रा उडतो, आणि होडीच्या फळीवर उडालेला छर्रा सापडत नाही. झाकण उचलल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा. खटका कुठल्या तोंडाने बसला होता हे नंतर आठवत नाही. आत बहुतेक वेळा काळसर-तपकिरी, दाट लगदा दिसेल: जुनं ग्रीस, गंजाचा भुगा, मीठ. डिझेल आणि जुन्या दातब्रशने ग्रीस काढा, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. डिझेलवर थांबू नका, त्याने मीठ जात नाही. प्रत्येक भाग वाळवा आणि दात्यांवर उजेड पाडून बघा. टोकं गोल आणि चकचकीत दिसली तर झीज आहे, टोकदार दिसली तर रॅचेट वाचलं.

बसवताना आत चेसिसचं ग्रीस भरू नका. ते खटक्याला जागेवर परत यायला उशीर करतं आणि आपण ज्या कारणासाठी उघडलं तेच कारण पुन्हा आत घालतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. झाल्यावर एका सैल नटवर लावून बघा. मागे नेताना रॅचेटबरोबर नटही मागे फिरत असेल तर आत अजून ओढ आहे, पुन्हा साफ करा.

दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. घट्ट बसलेला नट पहिल्यांदा हलवायला रॅचेट वापरायचं नसतं. साध्या अर्ध्या इंची रॅचेटची मूठ साधारण २५० मिलिमीटरची. तिच्यावर २० किलोचा जोर दिला तर ५ किलोग्रॅम-मीटरचा पीळ (टॉर्क) पडतो, आणि ते ठीक आहे. पण मीटरभर पाइप घालून ६० किलोचा माणूस त्यावर लोंबकळला की तोच पीळ ६० किलोग्रॅम-मीटर होतो, आणि तो सगळा खटक्याच्या दोन-चार दात्यांवर येतो. गोटी पान्याच्या सेटमध्ये सरकती टी मूठ असते ती याच कामासाठी. तिच्यात ना दाते, ना खटका. नट मोकळा करायचा तिने, भराभर फिरवून काढायचा रॅचेटने.

किती दात्यांचं घ्यावं

दुकानदार ७२ दात्यांचं रॅचेट पुढे करतो. ७२ दाते म्हणजे मूठ ५ अंश हलली की पुढचा दाता पकडला जातो. ३६ दात्यांना १० अंश लागतात, २४ ना १५. डेकखाली, इंजिन आणि होडीच्या कुशीमध्ये हात कसाबसा जातो, तिथे ५ अंशांचा मोह पडणारच, आणि स्वच्छ गॅरेजमध्ये बारीक दात्यांचं चांगलं रॅचेट अजिबात कमकुवत नसतं. पण दाते जितके जास्त तितके उथळ, आणि उथळ दात्यात गंजाचा किंचित थर बसला तरी खटका वर राहतो. म्हणून होडीवर माझं मत ३६ किंवा ४५ दात्यांकडे, अर्ध्या इंचाच्या खुंटीचं आणि स्क्रूने उघडणारं. घरी स्कूटरच्या कामाला ७२ दात्यांचं तीन अष्टमांश इंची खुशाल घ्या. अगदी अडचणीच्या जागेसाठी रिंग पाना ठेवा. त्यात बिघडायला काहीच नाही.

दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: हे उघडतं का, आणि याचं खटका-स्प्रिंगचं किट मिळतं का? दोन्हीला "नाही" असेल तर कितीही जड आणि देखणं असलं तरी ते हत्यार किनाऱ्यासाठी नाही. चकाकीपेक्षा आणि नावापेक्षा मी याला जास्त किंमत देतो.

क्रोमचंही तसंच. क्रोमखाली निकेल असतं आणि तोच थर खरा राखण करतो. तो पातळ असेल तर बारीक छिद्रांतून क्लोराईड खाली जातं आणि क्रोम आतून फुगून सुटतं. काळ्या रंगाची हत्यारं स्वस्त पडतात, पण त्यांचा काळा थर तेल धरून ठेवण्यापुरता असतो. तेल संपलं की संरक्षण संपलं. जो माणूस दर आठवड्याला फडकं फिरवतो त्याने काळं घ्यावं, बाकीच्यांनी चांगलं क्रोम. मासळीच्या बुळबुळीत हाताला आरशासारखं क्रोम निसटतं, मंद चमकेचं बरं.

पक्कड घेताना ती मिटून उजेडासमोर धरा. कापणीच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. जबड्यांची टोकं मात्र आधी टेकली पाहिजेत, सांध्याजवळ किंचित फट चालते. कोरा कागद कापून बघा, फाटला तर परत ठेवा. आयएस ३६५० ही खूण कॉम्बिनेशन पक्कडीसाठीच्या भारतीय मानकाची आहे, ती असेल तर बरं. घरच्या जुन्या पक्कडीवर शंका असेल तर कानस लावा. रत्नागिरी-चिपळुणात कानशींचे कारखाने आहेत, चांगली कानस आपल्याकडे दुर्मीळ नाही. ती धारेवरून सरकली तर लोखंड कडक आहे, चावली तर मऊ. साधी तार, खिळा यांसाठी ही पक्कड. विंचचा वायर रोप हिने कधीच तोडायचा नाही, त्याचा कटर वेगळा असतो. एकदा धारेला दात पडले की ती तार कापत नाही, चावते.

नट गोल होतात ते

यात अर्धा दोष गोटीचा असतो. बाराकोनी गोटी लवकर बसते पण नटाला कोपऱ्यांवर धरते. गंजून कोपरे खाल्लेल्या नटावर ती फिरते. खाऱ्या कामाला षटकोनी गोटीच घ्या, ती नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते. माप चुकलं तरी नट गोल होतो. जुन्या इंजिनांवर इंची नट असतात: पाऊण इंच म्हणजे १९.०५, तिथे १९ ची गोटी कधी बसते. पण नऊ सोळांश म्हणजे १४.२९, त्यावर १४ जात नाही आणि १५ ढिली पडते, आणि तिथेच कोपरे मरतात. त्या मापाची एक इंची गोटी वेगळी घेऊन ठेवावी. १७ चा नट गंजून बारीक झाला असेल तर १६ ची जुनी षटकोनी गोटी हातोड्याने हळू ठोकून बसवता येते. सोडवण्याआधी तो किंचित आवळून बघा, गंजाची पकड तुटते आणि मग उलटा येतो. नटावर पक्कड लावू नका. ग्लँड नटासारख्या मोठ्या तोंडाच्या कामाला वॉटर पंप प्लायर घ्या, पण त्याची खाच मिठाने भरली की जोर लावताना तो घसरतो. तिथेही ब्रश आणि गोडं पाणी.

बंदीचे दोन महिने

हत्यारं होडीवर ठेवू नका, घरी न्या. मासळीच्या किंवा बर्फाच्या गोणपाटात तर कधीच गुंडाळू नका, त्या गोणीत जन्माचं मीठ मुरलेलं असतं. धुवून, वाळवून, तेल लावून सुती फडक्यात ठेवा. बंद प्लास्टिक पेटी चांगली, पण आत गेलेला ओलावाही ती बाहेर सोडत नाही, म्हणून पेटी कोरड्या दिवशी भरा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुलैच्या मध्याला एकदा पेटी उघडून प्रत्येक पक्कड उघडमीट करा, रॅचेट दोन्ही दिशांना फिरवा. जड लागलं तर तेव्हाच धुवून तेल द्या, नारळी पौर्णिमेपर्यंत थांबू नका. ज्या गोटीला उभी चीर गेली आहे किंवा क्रोम उडतंय ती त्याच वेळी बाजूला काढा. असल्या गोटीवर हातोडा पडला की पापुद्रा थेट डोळ्यात जातो, ती भंगारातच द्या.